मांजराची साखर घरी मोजताना आधी खालचा आकडा शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागरजवळच्या एका घरातला नऊ वर्षांचा, सहा किलोचा बोका. महिन्यापूर्वी त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट सुरू केलं. गेल्या खेपेस चिपळूणला दवाखान्यात साखर ३९० आली, म्हणून डोस दीड युनिट करायला सांगितलं. त्याच संध्याकाळी घरी सासऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर कानातून थेंब काढून बघितलं तर २१०. कोणता आकडा खरा? डोस वाढवायचा का? आणि घरी नीट मोजायचं कसं?

ताई, दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि म्हणूनच घरी मोजणं इतकं गरजेचं आहे. मांजर घाबरलं की त्याच्या अंगात जी रसायनं सुटतात त्यांनी साखर झपाट्याने चढते. निरोगी मांजराची साखरसुद्धा नुसत्या भीतीने ३०० च्या वर गेलेली आम्ही दवाखान्यात बघतो. तुमचा बोका पिंजऱ्यात बसून घाटावळणाच्या रस्त्याने तास-दीड तास ओरडत आला, दवाखान्यात शेजारी कुत्रा भुंकत होता, मग दोघांनी धरून रक्त काढलं. त्यात ३९० आली तर त्यातला मधुमेहाचा वाटा किती आणि भीतीचा किती, हे कोणताही डॉक्टर नुसत्या त्या आकड्यावरून सांगू शकत नाही. घरी आपल्या जागेवर बसलेल्या मांजराचा आकडा त्याच्या रोजच्या अवस्थेच्या जास्त जवळचा असतो.

म्हणून आज पहिलं काम: डॉक्टरांना फोन करा, घरचं रीडिंग कितीला घेतलं, इन्सुलिन दिल्यावर किती तासांनी घेतलं, हे सांगा आणि घरचा आलेख (दिवसभर दर दोन तासांनी मोजलेल्या साखरेची नोंद) हातात येईपर्यंत एकच युनिट ठेवायचं का, हे विचारा. तुमचे डॉक्टर नक्की ऐकतील. घरची नोंद असलेला मालक आम्हाला हवाच असतो, कारण तिच्याशिवाय आम्ही बरंचसं अंदाजाने चालतो.

आता मुळाशी जाऊ. बहुतेक लोक घरी साखर मोजतात ती ‘किती वाढली’ हे बघायला. मी तुम्हाला उलट सांगतो. आधी बघायचं ते साखर किती खाली जाते. वाढलेली साखर मांजराला हळूहळू त्रास देते: तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं, मागचे पाय घोट्यावर टेकवून चालणं. फार घसरलेली साखर काही तासांत जीव घेऊ शकते. आणि दवाखान्यातलं एकटं रीडिंग हा खालचा आकडा कधीच दाखवत नाही.

उदाहरण घ्या. समजा एका मांजराला सकाळी ८ ला इन्सुलिन दिलं. तेव्हा साखर ३१०. दहा वाजता २४०, बाराला १६०, दोनला ११०, चारला १३०, सहाला २१०, रात्री ८ ला पुन्हा २९०. हा आलेख चांगला आहे. इन्सुलिन काम करतंय, सर्वांत खालचा आकडा सुरक्षित आहे, आणि बारा तासांनी परिणाम संपतोय तोवर पुढच्या डोसची वेळ येते. आता याच मांजराला सकाळी ८ ला दवाखान्यात नेलं असतं तर भीतीसकट ४०० दिसलं असतं. ते बघून डोस वाढला असता, आणि दुपारी २ ला जिथे ११० होते तिथे साखर ५० वर आली असती. घरी तेव्हा सगळे जेवून पडलेले, मांजर पोटमाळ्यावर. कुणाला कळलंही नसतं.

म्हणूनच एका मोठ्या आकड्यावर डोस वाढवू नका. तो आकडा घरचा असला तरीही. मांजराची साखर एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी बरीच वेगळी येते, अन्न तेच, डोस तोच असला तरी. डोस बदलल्यावर ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला साधारण पाच ते सात दिवस जातात, त्याआधी नवा निष्कर्ष काढू नये. डोस कमी करायची वेळ मात्र एका आकड्यावरही येते, आणि त्यात उशीर करायचा नाही.

ग्लुकोमीटरबद्दल. माणसांच्या मशीनवर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा सहसा कमी दिसते. कारण रक्तातच आहे. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच भाग तांबड्या पेशींच्या आत असतो, मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर बाहेरच्या पाण्यात म्हणजे प्लाझ्मात असते. माणसासाठी बनवलेलं मशीन माणसाचं गणित धरून हिशोब करतं, म्हणून मांजराच्या बाबतीत चुकतं. प्राण्यांसाठी वेगळं गणित बसवलेली मशीन येतात, उदाहरणार्थ अल्फाट्रॅक, पण त्याच्या पट्ट्या महाग पडतात आणि गावातल्या मेडिकलमध्ये मिळायच्या नाहीत. सासऱ्यांचं मशीन चालेल. अट एकच, कायम तेच मशीन वापरा. आज हे, उद्या शेजाऱ्यांचं असं केलंत तर आलेखाला अर्थ राहणार नाही. आणि डॉक्टरांना आकडा सांगताना ‘माणसांच्या मशीनवर’ हे शब्द दर वेळी जोडा. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. मशीन कमी दाखवतं म्हणून कमी आकड्याकडे दुर्लक्ष मात्र करायचं नाही. ५५ आला आणि ‘खरी ७० असेल’ म्हणून बसून राहिलं, असं कधी होऊ देऊ नका.

पट्ट्यांची काळजी कोकणात वेगळी घ्यावी लागते. पट्टीच्या टोकाला जे एन्झाइम लावलेलं असतं ते दमट हवेत खराब होतं, आणि जुलैत आपल्याकडे हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. पट्टी काढली की डबीचं झाकण त्याच क्षणी घट्ट लावायचं. दोन-तीन पट्ट्या आधीच काढून ताटलीत ठेवायच्या नाहीत. डबीच्या झाकणातला ओल शोषणारा भाग काढू नका, पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नका, आणि फ्रीजमध्येही ठेवू नका, कारण बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. डबी उघडल्याची तारीख वर पेनाने लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं. अचानक विचित्र आकडे यायला लागले तर मांजराच्या आधी पट्टीवर संशय घ्या. मशीनसाठी कंट्रोल सोल्यूशनची छोटी बाटली मिळते, तिचा थेंब टाकला की मशीन आणि पट्टी ठीक आहे का ते कळतं.

थेंब काढायची जागा म्हणजे कानाची बाहेरची कड. कान उजेडाकडे धरला की कडेने जाणारी बारीक शीर दिसते. शीर टोचायची नाही, ती आणि कानाची कड यांच्यामधल्या जागेत टोचायचं. आधी कान ऊब देऊन गरम करा: स्वच्छ मोज्यात तांदूळ भरून तव्यावर किंचित गरम केलेली पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून बघा आणि मग मिनिटभर कानाला धरा. थंड कानातून रक्त येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात लोक हात टेकतात ते बहुतेक याच कारणाने. मग टोचायच्या जागी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. त्याने थेंब केसांत पसरत नाही, गोळीसारखा उभा राहतो. कानाच्या आतल्या बाजूने दुमडलेला कापूस धरा म्हणजे सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात घुसत नाही. सुई दर वेळी नवी. स्पिरिट लावू नका, त्याने झोंबतं आणि ओल राहिली तर आकडाही बिघडतो. थेंब आला की पट्टीचं टोक त्याला नुसतं टेकवायचं, पट्टी स्वतः ओढून घेते. नंतर कापूस अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर कानाला काळानिळा डाग पडतो.

कान अजिबात देत नसेल तर पुढच्या पंजाची मोठी गादी, तीही मधोमध नाही, कडेला, जिथे चालताना भार येत नाही. पण बाहेर फिरणाऱ्या मांजराचा पंजा आधी धुऊन पूर्ण कोरडा करायला हवा. पंजाला मासळीचं पाणी किंवा गोड काही लागलेलं असेल तर आकडा भलताच येतो.

पहिले काही दिवस रक्त काढूच नका. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बोक्याला बसवा, कान चोळा, ऊब द्या, मशीनचा आवाज ऐकवा आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्या. एवढंच. मग एक दिवस टोचा आणि लगेच तोच तुकडा द्या. मांजराला टोचण्यापेक्षा धरून ठेवण्याचा राग जास्त येतो. मांजर वेळेचं पक्कं असतं, पंधरा दिवसांत ते स्वतःहून त्या जागी येऊन बसतं, कारण त्यानंतर खाऊ आहे हे त्याला कळलेलं असतं. आणि दोनदा प्रयत्न करून थेंब नाही आला तर त्या वेळेपुरतं सोडा. झटापट करून काढलेला आकडा पुन्हा भीतीचाच आकडा असतो.

रोज कधी मोजायचं? इन्सुलिन देण्याआधी, दोन्ही वेळा. हे रीडिंग म्हणजे डोस द्यायला हरकत नाही ना, एवढं बघण्यासाठी. तुम्ही नवीन आहात, तेव्हा इन्सुलिनआधीचा आकडा २०० च्या खाली आला तर डोस न देता डॉक्टरांना फोन करा. पुढे तुमच्या बोक्याचे आलेख हातात आले की डॉक्टर ही रेषा बदलतील. बोक्याने जेवण टाकलं असेल किंवा उलटी केली असेल तरी आधी फोन. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि डोस बदलल्यावर आठवड्याने, दर दोन तासांनी दिवसभर मोजून आलेख करायचा. ग्लार्जिनवर साखर सहसा चार ते आठ तासांच्या दरम्यान सर्वांत खाली जाते, म्हणून पूर्ण आलेख जमत नसेल तर निदान त्या वेळात दोन-तीन रीडिंग घ्या. खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान आणि दिवसभर बहुतेक वेळ साखर ३०० च्या आत, हे चांगलं नियंत्रण. शंभराच्या खाली सतत राहावी असा हट्ट मांजरात धरायचा नाही.

घसरलेली साखर कशी ओळखायची: अचानक खूप भूक, झोकांड्या, शून्यात बघणं, हाका मारल्या तरी प्रतिसाद नाही, अंग थरथरणं, शेवटी झटके. आकडा ६० च्या खाली असेल तर मांजर ठणठणीत दिसत असलं तरी तातडीने हालचाल करा. खात असेल तर लगेच खायला घाला, त्यात थोडा मध किंवा ग्लुकोज पावडर चालेल, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर मध, काकवी किंवा पाण्यात कालवलेलं ग्लुकोज बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर बोट तोंडात घालू नका, ओठाच्या बाहेरच्या बाजूने हिरडीला लावा. सावध झालं तरी दवाखान्यात न्या, कारण इन्सुलिनचा परिणाम अजून तासन्‌तास चालू असतो आणि साखर पुन्हा घसरते. मधाची छोटी बाटली इन्सुलिनच्या शेजारीच ठेवा.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती सांगतो: सिरिंज. आपल्याकडे माणसांच्या बऱ्याच इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, आणि त्यांच्या सिरिंजचं टोपण लाल. ग्लार्जिन सहसा एका मिलिलिटरला १०० युनिटचं असतं, त्याची सिरिंज वेगळी, टोपण नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजने ग्लार्जिन ‘एक’ च्या रेघेपर्यंत ओढलंत तर बोक्याच्या अंगात अडीच युनिट जातात. सासरे स्वतः इन्सुलिन घेत असतील तर घरात दोन्ही सिरिंज असू शकतात. बोक्याचं सामान वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात ठेवा. मेडिकलमध्ये मागताना रिकामी सिरिंज दाखवून तसलीच मागा. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची मिळाली तर उत्तम, कारण मांजरात अर्ध्या युनिटचाही फरक मोठा असतो. सासऱ्यांचं इन्सुलिन संपल्यावर बोक्याला ‘आजचा दिवस’ म्हणून देणं, किंवा उलट, हे दोन्ही वर्ज्य.

अन्नाचा भाग थोडा खुलासेवार, कारण कोकणात मांजराच्या साखरेचा विचार करताना भाताचा विचार करावाच लागतो. घरोघरी मांजराला मासळीचं पाणी घालून कालवलेला भात मिळतो. मांजर मूळचं मांसाहारी, पिष्ट पचवून साखर आवरण्याची त्याची क्षमता मर्यादित. तो भात कमी करून उकडलेली कोंबडी, अंडं, काटे काढून उकडलेली मासळी आणि मांजरासाठी बनवलेलं ओलं, कमी पिष्टाचं खाणं याकडे यायला हवं. नुसत्या मासळीवरही ठेवू नका. तेलकट मासळीच कायम दिली तर ई जीवनसत्त्व कमी पडून चरबीला सूज येते, आणि काही कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं, म्हणून उकडूनच द्या.

पण लक्षात घ्या: भात बंद केला की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. जुनाच डोस चालू राहिला तर साखर कोसळते. म्हणून अन्न बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, आठवडाभरात हळूहळू, आणि त्या दिवसांत जास्त वेळा मोजून. हेच पावसाळ्यात नकळत होतं. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजी मासळी नाही, मग मांजराच्या ताटात भात वाढतो आणि वर सुकट. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की पुन्हा उलट. या दोन्ही वळणांवर तुमच्या वहीतले आकडे हलतील. सुकट-बोंबील खारट असतात, चिमूटभराच्या वर देऊ नका.

चांगली बातमीही इथेच आहे. मधुमेह लवकर सापडला, पिष्ट कमी झालं, वजन आटोक्यात आलं आणि साखर सुरुवातीपासून नीट राखली, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. ती वेळ येते तेव्हा पहिली खूण घरच्या मशीनवर दिसते: इन्सुलिनआधीचा आकडा हळूहळू १५०, १३० असा उतरायला लागतो. तेव्हा डोस तसाच देत राहणं धोक्याचं. महिनाभरापूर्वीच निदान झालेला तुमचा बोका अशा मांजरांपैकी असू शकतो, आणि डोस घाईने वाढवू नये यामागे माझं हेही एक कारण आहे. त्याला गेल्या काही महिन्यांत खाजेसाठी लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं होतं का, तेही डॉक्टरांना सांगा. त्याने मधुमेह उफाळून येतो.

वीज. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा फ्रीजमधल्या इन्सुलिनचं काय, हा प्रश्न माणसांनाही पडला होता. वापरात असलेलं ग्लार्जिन ३० अंशांच्या खाली, उजेडापासून दूर, चार आठवडे चालतं, त्यामुळे एक-दोन दिवस वीज गेली तर घाबरू नका. माठाच्या ओल्या गारव्याचा उपयोग उन्हाळ्यात थोडाफार होतो, पावसाळ्यात हवा आधीच ओली असल्याने फारसा नाही. त्यापेक्षा घरातला सर्वांत थंड कोपरा बघा. बर्फाला बाटली थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. बाटली गढूळ दिसली किंवा आत कण दिसले तर टाकून द्या.

लघवीच्या पट्ट्या स्वस्त आहेत, त्यांचा एक खरा उपयोग म्हणजे कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी रसायनं. मांजर खात नाही, उलट्या करतंय, मलूल आहे आणि पट्टीवर कीटोन दिसतात, तर ती रात्रीचीही निकड आहे, सकाळची वाट बघू नका. लघवीतल्या साखरेवरून मात्र डोस ठरवू नका. रक्तातली साखर साधारण अडीचशेच्या पुढे गेल्यावरच ती लघवीत उतरते, आणि धोक्याचा खालचा आकडा तिथे दिसतच नाही. मधल्या आठवड्यांचा अंदाज हवा असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामाइनची तपासणी सांगू शकतात. तिच्यात गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि प्रवासाच्या भीतीने ती बिघडत नाही. माणसांच्या दंडावर लावतात तो सेन्सरही मांजराला लावता येतो, केस काढून. त्यावर सारखे आकडे मिळतात, पण मांजराच्या अंगावरून तो चौदा दिवसांच्या आधीच निघून येतो असा अनुभव आहे. खर्च झेपत असेल तर पहिल्या महिन्यात एकदा लावून घ्यावा.

वहीत साखरेशेजारी आणखी तीन रकाने ठेवा: आठवड्याचं वजन (तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या), दिवसात प्यायलेलं पाणी मापाने, आणि भूक. साखरेचे आकडे वरखाली झाले तरी वजन टिकतंय, पाणी कमी होतंय, तर उपचार योग्य दिशेने आहेत. उलट डोस वाढवत नेऊनही काहीच फरक नसेल, तर दात, लघवीचा संसर्ग किंवा हार्मोनचा दुसरा आजार शोधावा लागतो.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, फटाके वाजतील, बोका दोन दिवस वाड्याच्या पत्र्यावर जाऊन बसेल. त्या दिवसांत आलेख करू नका, तो खोटा येईल. फक्त जेवला का आणि इन्सुलिनआधीचा आकडा काय, एवढं बघा.

या रविवारी घरात शांतता असेल तर पहिला आलेख करा. सकाळी इन्सुलिनआधी पहिलं रीडिंग, मग जेवण आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस, मग दर दोन तासांनी रात्रीच्या डोसपर्यंत. प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि तेव्हा बोका शांत होता की चिडलेला, ते लिहा. वहीच्या पानाचा फोटो सोमवारी डॉक्टरांना पाठवा. पण दिवसा कधीही आकडा ८० च्या खाली उतरताना दिसला तर सोमवारची वाट न बघता त्याला खायला घाला आणि लगेच फोन लावा.